नवव्या दिवसाचं बटण

"पेटी आज परत मेली बघा," असं म्हणत महारुद्रमामांनी कमरेच्या किल्लीनं कपाट उघडलं आणि बटण बंद-चालू केलं.

ज्ञानेश्वरीनं कपाळाला हात लावला. बोरी गावाच्या अलीकडे, नदीकाठच्या या पत्र्याच्या खोलीत पाण्याची पातळी मोजणारी पेटी होती. पूर आला की खालच्या गावांना इशारा तीच धाडायची. पण दर नवव्या दिवशी तिचा कंप्युटर गोठून बंद पडायचा. पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता, म्हणून पेटी दुरुस्त करायला कंपनीनं परभणीहून ज्ञानेश्वरीला पाठवलं होतं.

दुखणं तिला कळलं होतं. नेटवर्क सांभाळणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक निरोपासाठी थोडी मेमरी मागून घ्यायचा आणि निरोप गेला की परत करायचा. कुठंतरी तो परत करायला विसरत होता, आणि नऊ दिवसांत सगळी मेमरी संपत होती. पण कुठं? हजारो ओळी चाळून तिचं डोकं भंजाळलं होतं.

खरं सांगायचं तर तिचं मनही लागत नव्हतं. खाकी शर्टातला हा साठीचा माणूस चार वर्षं, उन्हातान्हात, दर नवव्या दिवशी इथं येत होता. पेटी सुधारली की याच्या पोटावर पाय! तिनं ऑफिसातल्या साहेबांना फोन करून विचारलंसुद्धा, "इथल्या माणसाचं काय करायचं?"

"कोणता माणूस?" म्हणत साहेबांनी फोन ठेवला. तिला असा राग आला की बोलायची सोय नाही.

मामा चहा घेऊन आले. "काय धुंडायलात, ताई?"

तिनं सोपं करून सांगितलं. मामा हसले. "म्हणजे आमच्या देवळातली भांडी! लोकं लग्नाला नेतेत. लग्न लागलं की घासूनपुसून परत येतेत. पण लग्न मोडलं तर भांड्याचं कुणाला ध्यान? तशीच पडून राहतेत."

ज्ञानेश्वरीचा कप हातातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन दिवस ती पोचलेल्या निरोपांच्याच मागे होती, फसलेल्यांकडे तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं ती जागा उघडली. निरोप फसला की ड्रायव्हर मेमरी तशीच टाकून माघारी फिरत होता. तिनं तिथं एक ओळ वाढवली.

"आता न्हाई ना बंद पडणार?" मामांचा आवाज कापत होता. "नक्की न्हाई ना?"

"नाही," ती म्हणाली, पण तिला त्यांच्याकडे बघवेना.

नववा दिवस गेला. दहावा गेला, अकराव्यालाही पेटी ठणठणीत. परभणीत बसून ती आकडे बघत होती, मेमरी तसूभरही हलत नव्हती. बाराव्या दिवशी ऑफिसात टाळ्या झाल्या, आणि ही नाचायचीच बाकी राहिली. रात्री जागून तिनं साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला आणि सकाळची पहिली एसटी पकडली.

मामा धुवट धोतर नेसून, हातात पिशवी घेऊन खोलीच्या दारातच उभे होते.

"जिंकलो, मामा!" तिनं पेढ्यांचा पुडा पुढं केला. "आणि घाबरू नका. तुमचा पगार मी बंद होऊ देणार नाही. हा बघा अर्ज."

मामांनी पेढा तोंडात टाकला.

"पगार? कसला पगार, ताई? पेटी बसवणारा साहेब म्हणला, मी येईस्तोर तेवढं बटण दाबत जा. चार वर्षं झाली, तो काय आला न्हाई. आता मी चाललो लेकीकडं, चांगला महिनाभर!"