शिवणीतली माया

हवेलीचं संग्रहालय झालं, तरी तिचा वारस पेनरडॉकचा जमीनदारी तोरा गेला नव्हता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मोलकरणीचा झगा टेबलावर टाकून तो हसला, “पणजोबांचं खाऊन खाऊन सुटली होती म्हणे बया! पाटीवर हेच लिहा.” जुनी वस्त्रं तपासणाऱ्या हेस्टरनं झगा उलटा केला. शिवण तीनदा उसवून, आत दुमडून राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, काढून कंबर सैल केली होती. सुईची भोकं साक्षीला होती. मग कंबर पूर्ववत केली होती. छातीशी अस्तरावर दोन पिवळट डाग होते. हेस्टरचं डोकं सणकलं. “खाऊन पान्हा फुटत नाही, साहेब!” त्याचं हसू मावळलं. “जुन्या गोष्टी कशाला उकरता, बाई?” “दूध या अस्तरानं प्यायलं. मग बाळ कुठं धाडलंत?” हेस्टरनं पाटी पुढ्यात ओढली आणि लिहिलं: ‘या घरात माया फक्त शिवणीत होती.’