बाहेरचा ठिपका

गेट जागचं हलेना.

खाडीच्या तोंडावरचं ते अजस्र पोलादी गेट गेल्याच वर्षी संगणकाला जोडलं होतं. "वादळ आलं की बटण दाबायचं, बस्स!" असं साहेबांनी उद्घाटनाला छातीठोकपणे सांगितलं होतं. आज भरदुपारी अंधारून आलं, समुद्राला उधाण आलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : बाहेर एक बोट आहे. गेट बंद करता येणार नाही.

"कुणाची?" अभियंता बाईंनी विचारलं.

ऑपरेटर चाचरला. "आपल्या खात्याचीच, मॅडम. तुमच्या मिस्टरांची."

गेटबाहेरच्या बांधावर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं होती. त्यांची दुरुस्ती तिच्या नवऱ्याकडे. सकाळीच तो छोटी बोट घेऊन गेला होता.

"पण पडद्यावरच्या या बोटींच्या ठिपक्यांचं काही खरं नाही हं," ऑपरेटर घाईघाईने म्हणाला. "परवा या यंत्रानं फेरीबोट थेट नगरपालिकेच्या बागेत नेऊन उभी केली होती."

एरवी ती हसली असती. खिडकीतून खालची वस्ती दिसत होती. धक्क्याच्या पायऱ्या गिळत पाणी वर चढत होतं. त्याच वस्तीत तिचं घर, आणि घरात तिची लेक.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. अखेर त्याने उचलला.

"हां, बोल गं!"

"कुठे आहेस तू?"

"घरी. मघाशीच आलो."

"आणि बोट?"

"धक्क्याला बांधलीये. का?"

"इथे अजून बाहेर दाखवतंय."

"तुमचं यंत्रही माझ्यासारखंच. सांगितलेलं ऐकत नाही."

"एवढा आवाज कसला येतोय?"

"स्वयंपाकघराची काच फुटली. वारा थैमान घालतोय नुसता. गेट अजून उघडंच आहे?"

"हो."

"मग वाट कसली बघतेस? पाणी गल्लीत शिरायला लागलंय."

"पोरीला दे ना फोन."

"ती माडीवर आहे. मग बोल सावकाश. आधी ते गेट लाव. आणि घाबरू नकोस. तू हातात घेतलेलं काम कधी बिघडलंय का?"

तिचा जीव भांड्यात पडला. यंत्राने विचारलं, बाहेर कुणी नसल्याची जबाबदारी आपण घेता का? तिने अंगठा टेकवला.

गेट कण्हत, करकरत सरकू लागलं. फट अरुंद होत गेली, मिटली. पुढच्याच क्षणी डोंगराएवढी लाट येऊन पोलादावर आदळली आणि खोलीच्या भिंती थरथरल्या. पण पाणी आत आलं नाही. वस्तीभर भोंगा घुमला.

"वाचलो, मॅडम!" ऑपरेटरने मटकन खुर्चीत अंग टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा.

"आई, भोंगा ऐकला. झालं ना गेट बंद?"

"झालं गं बाळा. बरी आहेस ना? बाबांना दे बरं जरा."

"बाबांना?" लेक गोंधळली. "ते कुठे आलेत अजून? मघाशी त्यांचा फोन आला होता फक्त. म्हणाले, भोंगा वाजेपर्यंत आईला अजिबात फोन करायचा नाही."