फुकटे

वरच्या मजल्यावरच्या देसांका काकू आमच्या वायफायवरून व्हिएन्नातल्या लेकीशी बोलतात, हे कळताच आमचे हे भडकले. "फुकटे कुठले!" म्हणत त्यांनी पासवर्ड बदलला. उपासालाही सॉसेज चापणाऱ्या माणसाला नव्या पासवर्डसाठी नेमका घराण्याचा संत आठवला, संत लुका.

आठवड्याने त्याच संताचा सण आला. आमच्याकडे घराण्याच्या संताच्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं, येईल त्याला जेवू घालायचं. काकूंना दारात पाहून यांनी टोमणा मारला, "काय काकू, लेकीची आठवण येते की नाही?"

"रोज बोलतो की आम्ही. पहिल्याच प्रयत्नात उघडलं." काकूंनी प्रसादाचे गोड गहू चमचाभर तोंडात घातले, संतासाठी लावलेल्या मेणबत्तीपुढे क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाल्या,



"ज्याच्या नावानं आज सगळ्यांना दार उघडं ठेवलंस, त्याच्याच नावाचं कुलूप घातलंस होय रे, मिलुतिन?"