चोवीस पडदे

वाणीने वरच्या सप्तकातला शेवटचा पडदा दाबून तार छेडली. स्वर किंचित उतरलेला वाटला. डॉ. चैत्रालींनी समाधानाने मान डोलावली.

"मॅडम, लोक म्हणतील वीणा बेसूर लागलीय."

"म्हणू देत. दीडशे वर्षांपूर्वी इथे असंच वाजत होतं."

संध्याकाळी सहाला, मैसूरच्या अग्रहार भागातल्या याच सभागृहात, इथली विस्मृत स्वरव्यवस्था प्रथमच लोकांसमोर येणार होती. त्यासाठी चैत्रालींनी चार वर्षं आणि भौतिकशास्त्र विभागातली आपली सारी पत पणाला लावली होती. पुरावा एकच: दामोदररावांच्या घरची जुनी वीणा. त्यांच्या दिवंगत पत्नीला, नागरत्नाबाईंना, ती आजोबांकडून मिळालेली. वीणेचे पडदे मेणात बसवलेले असतात. मेण नव्याने ओतलं की जुने स्वर गेलेच. म्हणून चैत्रालींनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

"कुठल्याही कारागिराचा हात लागलेला नाही," दामोदररावांनी देवाशपथ सांगितलं होतं.

तरीही चैत्रालींनी संशय सोडला नव्हता. चोविसही पडद्यांची अंतरं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजली. उन्हाळ्यात मेण मऊ झालं, तर पडदे कसेही सरकतात. इथे मात्र वर जावं तसा प्रत्येक स्वर ठरावीक प्रमाणात उतरत गेला होता. एवढी शिस्त अपघाताने येत नाही. हे पडदे कुणीतरी, कान देऊन, हेतुपूर्वक बसवले होते.

वाणी पुन्हा वाजवू लागली. पहिल्या रांगेत बसलेल्या दामोदररावांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"काका, काय झालं?"

"अय्यो, काही नाही अम्मा. अगदी रत्नाचे स्वर हे."

चैत्रालींनी घाईघाईने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मोजमापांना आता जिवंत साक्षीदार मिळाला होता.

"त्या अशाच वाजवायच्या? आजोबांनी शिकवलं तसं?"

"छे हो! लग्न होऊन आली तेव्हा चारचौघींसारखीच वाजवायची." दामोदररावांनी उपरण्याने डोळे टिपले. "म्हातारपणी कान बिघडले की हो तिचे. वरचे स्वर चढे ऐकू यायचे, मग माझ्यावरच चिडायची. ती 'हं, आता बरोबर' म्हणेपर्यंत मीच बसून मेण तापवायचो नि एकेक पडदा सरकवायचो."