‘माळरान’चा शेवटचा कार्यक्रम

“आजच्यानंतर गाणं बंद,” मल्हारराव स्टेजमागं येऊन लेकीला म्हणाले. “फर्दापूरचे पाव्हणे पुढंच बसलेत. रीतीनं गा, अन् मग तो माईक कायमचा खाली ठेव.”

“व्हय, आबा,” दिपाली म्हणाली.

पोरगी इतक्या लवकर ऐकंल असं त्यांना वाटलं नव्हतं. ज्या माळावर त्यांनी मेंढरं चारली, तिथं आता प्लॉट पडलेत. मेंढरं दुष्काळात गेली. त्यातल्याच एका मोकळ्या प्लॉटवर आज ‘माळरान’ बँडच्या पहिल्या अल्बमचं प्रकाशन होतं. गाणी सगळी दिपालीनं आईच्या तोंडून उचललेली. पण फर्दापूरच्या अजिनाथशी सुपारी फुटली होती, अन् त्याच्या आईला, मालनबाईला, गाणारी सून नको होती. तिचं तरी काय चुकलं, असं मल्हारराव म्हणायचे. आम्हाला विचाराल तर सगळंच चुकलं होतं.

ते गेले तसा भीमनगरचा सम्यक ढोलकी कशीत जवळ आला.

“आबांना सांगितलंस?”

“नाय.”

“सकाळी सह्या करून सगळं उरकलंय, दिपाली. आता कशाला भ्यायचं?”

“भितंय कोण? स्टेजवरून सांगते. सगळ्यांदेखत.”

सम्यकनं ढोलकी गळ्यात अडकवली.

मग ती जी गायली! टँकरच्या रांगेचं गाणं प्लॉटवाल्यांच्या तोंडावर गायली. हंडे घेऊन भांडणाऱ्या बाया एकमेकींच्या हातावर टाळ्या द्यायला लागल्या. मालनबाईसुद्धा मान हलवायला लागली. मल्हाररावांचा जीव भांड्यात पडला.

शेवटचं गाणं झालं. दिपालीनं माईक काही खाली ठेवला नाही.

“घरचे म्हणतात, आता गाणं बास. त्याच्यावर मला एक सांगायचंय,” ती म्हणाली अन् थांबली.

पोरगी लाजली, असं मालनबाईला वाटलं. तिला मायाच आली. “सांगशील गं मग,” ती खालूनच म्हणाली. “आधी एक झकास नाव घे की.”

बाया हसल्या. चारचौघांत विहीणबाईनं असा मान द्यावा! मल्हाररावांची छाती फुगली.

“घे, दिपे, घे,” ते उठून म्हणाले. “नाव घेतलं की बाई त्या घरची झाली.”

दिपालीनं ओढणी डोक्यावर घेतली. बापाच्या डोळ्याला डोळा दिला.

“धरण गेलं तळाला, नळाला नाय पाणी,
सम्यकरावांचं नाव घेते, थांबणार नाय गाणी.”