संपादकाचा वस्तरा

कापलेली शेंडी. भर रामकुंडावर ओढलेली सिगारेट. दोनदा तुरुंग. वाचकांनी घातलेली जोड्यांची माळ. संपादकाने कशालाच भीक घातली नव्हती. पण १९३४च्या त्या सकाळी, वडिलांच्या दहाव्याला, सावळीराम न्हावी दारातच थांबला. "विधवेचं डोकं भादरणारा खाटीक, असं तुमीच छापलं ना, भाऊ? मी नाय आता हात लावणार." तो गेला. पाटावर बसलेल्या आईने कालपासून पाणी घेतलं नव्हतं. "केस राहिले तर त्यांना गती नाही. गावचे न्हावी तू शहाणे केलेस, आता तूच कर." "आई, हे नको मागूस." "तुरुंगात जाताना मला विचारलं होतंस? पाणी पिईन ते केस उतरल्यावरच." त्याने दाढीचा वस्तरा आणला, ठेवला, पुन्हा उचलला. तिने डोक्यावरचा पदर काढला. त्याने तिच्या केसांवर पाणी ओतलं. आईला त्या चैत्रात चाळिसावं लागलं होतं.