बाबांना आण

बिशप होनोरातांचं डोकं सकाळीच उडवलं होतं. दुपार कलली तरी धड वाळूतच पडून होतं आणि मंडळीतला एकही शूर गडी तिकडे फिरकला नव्हता. ख्रिस्ती कोणी प्रेत मागायला आलाच, तर त्यालाही शेजारी आडवा करा, असा सुभेदाराचा हुकूम होता.

म्हणून बिशपांचा मदतनीस, डीकन मुस्तुल, याने बिरिक्ताला बोलावलं. गेल्या उन्हाळ्यात शिपाई दारात आले, तेव्हा जिवाच्या भीतीने तिने ख्रिस्ताला नाकारून सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला होता. तेव्हापासून प्रार्थनेला ती बाहेरच उभी राहायची. ईस्टरला तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुला आत घेतो, असा शब्द बिशपनी दिला होता. ईस्टर तोंडावर आला होता.

"तुला देतील ते," मुस्तुल म्हणाला. "तुला त्यांच्यातली समजतात. कसंही कर, पण बाबांना आण."

पहाऱ्यावरच्या शिपायाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझा कोण लागतो हा?"

"शेजारी. कुत्र्यांनी ओढलेलं बघवणार नाही मला."

"त्या ख्रिस्तवाल्यांची तर नाहीस ना? बघू." त्याने सम्राटाच्या मूर्तीपुढचं धूपपात्र पायानेच पुढे सरकवलं.

बिरिक्ताने बिशपकडे पाहिलं. माश्या उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चिमूट उचलून टाकली; निम्मा धूप निखाऱ्यावर पडला, निम्मा खालीच सांडला.

"एवढं काय घाबरतेस, म्हातारे?" शिपाई हसला. "घेऊन जा तुझा शेजारी."

तिने डोकं ओढणीत बांधलं, धड चादरीत गुंडाळलं आणि खेचरावर घालून आणलं.

प्रार्थनाघराच्या दारात एकच आकांत झाला. जपून ठेवायला म्हणून बायका चादरीवरच्या रक्ताला फडकी लावू लागल्या. आता आपल्याही गावाचा एक हुतात्मा झाला, असं कोणीतरी रडता रडता म्हणालं. पुरुषांनी चादर उचलली. पायांकडची बाजू बिरिक्ताने धरली होती. दाराशी मुस्तुलने तिचं मनगट धरलं.

"कसं मिळवलंस, ते आम्ही कधीच विचारणार नाही," तो हळूच म्हणाला.

"मग मला आत येऊ द्या, दादा."

"आत आलीस तर विचारावं लागेल."

बिरिक्ताने चादरीचं टोक सोडलं. आतल्या कोणीतरी ते लगेच धरलं.